शेवटच्या सीटपर्यंत कोण जाणार?

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेच्या संस्थेचे कर्तेधर्ते अध्यक्षमहोदय, आपल्या तिन्ही बसमध्ये नवं यंत्र बसवून देणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक आणि आजचे प्रमुख पाहुणे, आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, वाहतूकप्रमुख सर, जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत आणि जिची खुर्ची व्यासपीठाच्या अगदी कडेला, पंख्याचा वारा संपतो तिथे मांडली आहे, ती आपली बसमधली मावशी, शिक्षकवर्ग, चालक मंडळी, माझे पालक बंधुभगिनी, आणि मागच्या रांगांमध्ये पाय हलवत बसलेल्या बालमित्रांनो,

पालकांच्या वतीने दोन शब्द बोलायला मला उभं केलं आहे. "गोड बोला हं," असं मुख्याध्यापिकाबाईंनी जिन्यातच बजावलं. बाई, माझं औषधांचं दुकान आहे. गोड औषध आम्ही फक्त खोकल्याला देतो, आणि त्याने खोकला जातो असा माझा तरी अनुभव नाही.

आज एका दगडात दोन पक्षी मारले जात आहेत. आपल्या शाळेला सुरक्षित प्रवासाबद्दल मानचिन्ह मिळालं, त्याचं कौतुक. आणि मावशी निवृत्त होतात, त्यांना निरोप. जावयाचं स्वागत आणि सासूबाईंना स्टेशनवर सोडणं एकाच रिक्षात उरकावं, तसा हा कार्यक्रम आहे. यंत्राच्या कंपनीच्या साहेबांना दिलेला पुष्पगुच्छ मोठा आहे, मावशींचा लहान. मावशींना तो धरून पायी घरी जायचं आहे, हा विचार त्यामागे असावा.

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मावशींच्या जागी नवीन कुणी येणार नाही. बाकी दोन बसमधल्या बायांना मागच्या सत्रातच घरी बसवलं. आमच्या बसमध्ये याचा प्रयोग आधीच झाला, येत्या सोमवारपासून तिन्ही बसमध्ये कायमचे चालक, मुलं आणि यंत्र, एवढेच असतील. शिशुवर्गातली मुलंसुद्धा. हे सूचनाफलकावर लावलं आहे, अक्षर बारीक आहे, आणि फलक चप्पल-बुटांच्या कपाटामागे आहे. म्हणून इथे मोठ्याने सांगितलं.

पण आधी मावशींविषयी बोलते. निरोपाच्या भाषणात माणूस देव होतो. परवापर्यंत ज्याच्याशी आपण भांडत होतो तो अचानक मनमिळाऊ, प्रेमळ आणि हसतमुख निघतो. मावशी यांपैकी काहीही नाहीत. मावशी, मान हलवू नका, तुम्हालाही ठाऊक आहे. त्या कुणाशी हसून बोलल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या थांब्यावर एकदा एक वडील मुलीच्या बुटाची नाडी बांधत रस्त्यात बसले होते, बस खोळंबली होती. मावशी दारातून म्हणाल्या, "तिची बांधून झाली की तुमचीही बांधा, आम्ही दुपारपर्यंत रिकामेच आहोत." ते गृहस्थ आज सभागृहात आहेत. त्या दिवसापासून मुलगी नाडीविना बूट घालते.

मुलांची नावं त्यांना कधीच पाठ झाली नाहीत. त्यांनी मुलांना थांब्यांची नावं दिली. "ए बेकरी, पाय आत घे." "पेट्रोलपंप, तू उभा का? बस तुझ्या आजोबांची असली तरी खाली बस." "दवाखाना, डोकं खिडकीच्या आत. शाळेत लागणार आहे ते, वाटेत टाकू नकोस." माझी मुलगी नववीत आहे, ती इतकी वर्षं 'औषध' या नावाने शाळेत गेली. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. तिच्या मैत्रिणीचा थांबा सार्वजनिक मुतारीसमोर होता, तिच्या आईने अर्ज करून थांबा पुढे नेला.

आणि मोजणी. काय सांगावं मावशींच्या मोजणीबद्दल? मुलं चढताना मोजायची, उतरताना मोजायची, एवढं साधं काम. मावशींचा आकडा कधी म्हणून जुळला नाही. चढताना एक, उतरताना दुसरा. मध्येच कुणी "मावशी, हा मला चिमटे काढतो" म्हणालं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वाहतूकप्रमुख सरांनी त्यांना कितीदा तरी समज दिली असेल. मावशींनी त्यावर एक तोडगा काढला होता. सगळी मुलं उतरली की त्या पुन्हा बसमध्ये चढायच्या आणि शेवटच्या सीटपर्यंत चालत जायच्या. वाकून प्रत्येक सीटखाली बघायच्या. पाण्याची बाटली, एक मोजा, अर्धा खाल्लेला बिस्कीटपुडा, आणि कधीमधी एखादं पेंगुळलेलं मूल. "माझा माझ्या आकड्यावर विश्वास नाही," त्या म्हणायच्या, "म्हणून डोळ्यांनी बघते."

श्रोतेहो, मला हे वाक्य फार आवडतं. आपल्याकडे अशी माणसं कमी आहेत. ज्यांचा आकड्यावर विश्वास असतो ती जाग्यावरून उठत नाहीत.

आता यंत्राकडे वळते. साहेब, तुमचं यंत्र चांगलं आहे, हे मी मनापासून म्हणते. चालकाने बस बंद केली की आत भोंगा वाजायला लागतो, कानठळ्या बसवणारा. तो बंद करायचं बटण बसच्या अगदी मागे, शेवटच्या सीटच्या वर. म्हणजे चालकाला उठून मागपर्यंत जावं लागणार. जाता जाता दोन्ही बाजूंच्या सीट त्याच्या नजरेखालून जाणार. कुणी मूल झोपलेलं असेल तर दिसणार. बटण दाबलं की कार्यालयातल्या पडद्यावर हिरवा दिवा: 'सर्व आसने तपासली.' ज्याने हे शोधून काढलं त्याच्या डोक्याला माझा नमस्कार. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. शेवटच्या सीटवर मुलं बसतात.

शेवटच्या सीटवर कोण बसतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण आपण सगळे तिथेच वाढलो. आठवी-नववीची मंडळी. आणि आपली मुलं, दृष्ट लागू नये, गुणी आहेत. चालककाकांचे गुडघे दुखतात, बिचाऱ्यांना एवढ्या लांब यावं लागतं, हे त्यांना बघवलं नाही. "काका, बसा तुम्ही, आम्ही दाबतो." बस थांबली की मागून हात वर जायचा, भोंगा गप्प, आणि सगळे उतरून पसार. चालककाकांनी आधी एक-दोनदा नको नको म्हटलं. मग त्यांनाही बरं वाटलं असेल. मुलं वडीलधाऱ्यांची काळजी घेताहेत, यात रागावण्यासारखं काय आहे?

पुढे तर मुलांनी वार वाटून घेतले. सोमवारी कोण दाबणार, मंगळवारी कोण. एकाने दुसऱ्याचा वार पळवला म्हणून हाणामारी झाली. ती हाणामारी शाळेपर्यंत गेली, आणि शाळेने काय केलं? चौकशी केली, आणि बटण दाबणाऱ्या मुलांना 'सौजन्य' लिहिलेले बिल्ले दिले. चालकाला मदत केल्याबद्दल. प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात. त्यातला एक बिल्ला आमच्या घरी आला. मी लेकीला विचारलं,

"अगं, ते बटण कशासाठी असतं माहीत आहे का?"

"हो. भोंगा ओरडायचा थांबावा म्हणून."

"आणि भोंगा का ओरडतो?"

"कुणी बटण दाबलेलं नसतं म्हणून."

बघा, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. या उत्तरांवर तिला कुठल्याही समितीत घेतील.

यंत्र बसल्यावर प्रयोग म्हणून आमच्या मार्गावरच्या मावशींना बसमधून उतरवलं आणि शाळेच्या फाटकाशी खुर्ची दिली. निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते, बसून काढावेत, असा दयाळू विचार. पण खोड जित्याची. बसमधून मुलं उतरून आत जाताना मावशी फाटकाशी बसून मोजायच्या, रोजच्या आकड्याशी ताडून बघायच्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी जे सांगणार आहे ते एका आईच्या परवानगीने सांगते. त्या परिचारिका आहेत, चौथ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांची मुलगी शिशुवर्गात आहे. अध्यक्षमहोदय, तुम्ही घड्याळ बघताहात ते मला दिसतंय. एवढं ऐका आणि मग बघा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची प्रार्थना झाली, पहिला तास सुरू झाला, आणि मावशी कार्यालयात जाऊन म्हणाल्या, "दोन मुलं कमी आहेत." वाहतूकप्रमुख सरांनी पडदा दाखवला. तिन्ही बस हिरव्या. "मावशी, तुमची मोजणी आम्हाला माहीत आहे," सर म्हणाले. ते चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. मोजणी खरोखरच सगळ्यांना माहीत होती. मावशी म्हणाल्या, "मलाही माहीत आहे," आणि शाळेमागच्या मैदानात जिथे बस उभ्या करतात तिकडे चालू लागल्या. चालक चहाला गेले होते. किल्ली मागून आणायला त्यांना अर्धं मैदान पुन्हा तुडवावं लागलं.

आमची बस उघडली. खिडक्या बंद, आत भट्टी. आणि मधल्या एका सीटवर ती चिमुरडी बसली होती. पट्टा बांधलेला, दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर. घामाने केस कपाळाला चिकटलेले. ती केव्हाची जागी झाली होती. रडून झालं होतं. उठली का नाही? कारण आपणच तिला शिकवलंय ना. बसमध्ये जागा सोडायची नाही. पट्टा आपणहून काढायचा नाही. मोठं कुणी 'उतरा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. सगळे नियम तिने पाळले. सभागृहातल्या मोठ्या माणसांपैकी त्या दिवशी नियम पाळणारं दुसरं कुणी मला आठवत नाही.

मावशींना बघून ती म्हणाली, "तुम्ही उशीर केलात."

मावशींनी तिचा पट्टा काढला, तिला पाणी पाजलं, कडेवर घेतलं. आणि मग? मग त्या पोरीला कडेवर घेऊन बसमध्ये मागपर्यंत गेल्या, प्रत्येक सीटखाली वाकल्या, आणि विचारत राहिल्या, "दुसरं कुठाय? अगं, तुझ्याबरोबर दुसरं कोण होतं?" कारण त्यांच्या मोजणीत दोन कमी होते. दुसरं मूल नव्हतंच. हिशेब नेहमीसारखाच चुकला होता. उरलेल्या दोन्ही बस उघडून बघेपर्यंत त्यांना ते पटलं नाही.

हसा. मीही हसले होते, दुकानात, ती आई मला हे सांगत असताना. आणि मग मला आणि तिला दोघींनाही बसायला खुर्ची लागली. तिला शाळेने एवढंच कळवलं होतं की मुलगी आज 'वर्गात किंचित उशिरा पोहोचली'. लेकीनेच घरी सांगितलं, "आई, आज मी बसमध्ये खूप वेळ शहाण्यासारखी बसले."

त्या आईला घेऊन मी वाहतूकप्रमुख सरांकडे गेले. सर, तुम्ही माझ्याकडे बघू नका, मी शब्द बदलणार नाही.

"ताई, यंत्रात सगळं हिरवं आहे," सर म्हणाले.

"पण मूल आत होतं."

"मूल आत असेल, मी नाही म्हणत नाही. पण नोंद हिरवी आहे."

मग बैठक झाली. बैठकीत उपाय सुचले. बटणाला झाकण लावावं. झाकणाला कुलूप लावावं. कुलपाची किल्ली चालकाकडे असावी. मुलांनी ती मागितली तर? मग बसमध्ये कॅमेरा लावावा. कॅमेऱ्यात कोण बघणार? त्यासाठी एक माणूस नेमावा. मी म्हटलं, "तो माणूस बसमध्येच बसवला तर?" त्यावर मला सांगण्यात आलं की तशी तरतूद नाही. शेवटी ठरलं की झाली ती घटना अपवादात्मक आहे आणि मानचिन्हाचा कार्यक्रम तोंडावर आला आहे, तेव्हा वातावरण बिघडवू नये. सत्रभराच्या हिरव्या दिव्यांबद्दलच ते मानचिन्ह मिळालं आहे. त्या दिवशीचा दिवाही त्यात धरलेला आहे.

मुलांवर मी रागावलेली नाही. मुलांनो, तुम्ही भोंगा ऐकलात आणि बटण दाबलंत. आम्ही मोठ्यांनी तरी दुसरं काय केलं? एका आईने भोंगा वाजवला, आम्ही बैठक घेतली, बैठकीत चहा झाला, भोंगा बंद. मागे चालत जाऊन कुणी बघितलं नाही. तेव्हा बिल्ले वाटायचेच असतील तर पहिल्या रांगेपासून सुरुवात करावी.

पण मुलांनो, एवढं ऐका, कारण उद्या मावशी ओरडायला नाहीत. बटणाला हात लावायचा नाही. काकांचे गुडघे दुखत असतील तर काकांना हात द्या, त्यांच्याबरोबर मागपर्यंत चाला. उतरताना आपल्या पुढची आणि शेजारची सीट बघा. लहान कुणी झोपलं असेल तर हाक मारा, हाक ऐकली नाही तर काकांना सांगा, आणि काकांनी ऐकलं नाही तर तिथेच बसून राहा. उतरल्यावर बसच्या मागून रस्ता ओलांडायचा नाही, पुढून, काकांना दिसेल असा. आणि पेट्रोलपंप, तू आता दहावीत गेलास, चालत्या बसमध्ये दप्तरं फेकून झेलायचा खेळ पुरे झाला.

पालकहो, आपल्याविषयीही बोलायला हवं. बस उभी असताना तिच्या बाजूने गाडी दामटणारे कोण असतात? परके नसतात. आपलंच मूल चढलं, आता आपल्याला कामावर पोहोचायचं आहे, म्हणून दुसऱ्याच्या मुलाच्या पायापासून वीतभर अंतरावरून निघून जाणारे आपणच. मावशी खाली उतरून आडवा हात करून उभ्या राहायच्या तेव्हा आपण थांबायचो, तेही त्यांच्या तोंडाला भिऊन. आता तो हात नाही. यंत्र पुष्कळ काही करतं, पण ते खाली उतरत नाही, आणि मोटारसायकलवाल्याला "घरी कुणी वाट बघतंय की नाही तुझी?" असं विचारत नाही.

मी परवा मावशींच्या घरी गेले होते. म्हटलं, आणखी एक वर्ष थांबा, आम्ही संस्थेकडे शब्द टाकतो. त्यांनी मला चहा दिला आणि झाडलं.

"मला कशाला थांबवतेस? पाय गेले माझे. लेकीकडे जाऊन स्वस्थ पडायचंय मला. इतकी वर्षं कार्टी सांभाळली, आता काय मरेपर्यंत बसमध्ये ठेवतेस?"

"मग आम्ही काय करायचं, मावशी?"

"मला जाऊ द्या. जागा रिकामी ठेवू नका. माझ्याहून चांगलं मोजणारी बघा, ते काही अवघड नाही."

तेव्हा अध्यक्षमहोदय, आजच्या दिवशी मावशींना आम्ही अडवत नाही. त्यांना आनंदाने निरोप देतो. मागणी जागेची आहे. प्रत्येक बसमध्ये चालकाशिवाय एक मोठं माणूस हवं. बाई असो, बुवा असो. मुलं उतरल्यावर ते शेवटच्या सीटपर्यंत चालत जाईल आणि मगच बटण दाबलं जाईल. यंत्र राहू द्या, त्याच्याशी आमचं वैर नाही. भोंगा वाजवायला ते हवंच आहे. बघायला माणूस हवं.

ही मागणी आम्ही लेखी दिली होती, तोंडी दिली होती, आणि आता माईकवर देते आहे. पुढच्या बैठकीत विचार करू, असं उत्तर मिळालं आहे. पुढची बैठक पुढच्या सत्रात आहे, आणि शिशुवर्ग सोमवारी आहे. म्हणून आम्ही काही पालकांनी वार वाटून घेतले आहेत. ही कल्पना मुलांचीच, त्यांचे आभार. सोमवारी आमच्या बसमध्ये मी चढेन. मंगळवारी चौथ्या रांगेतल्या परिचारिका ताई, त्यांनी पाळी बदलून घेतली आहे. बुधवारी बेकरीवाले दादा. बाकी दोन बसचे पालकही ठरले आहेत. आमच्या बसचा गुरुवार अजून रिकामा आहे, अध्यक्षमहोदय. आपण आलात तर खिडकीची जागा देऊ.

वाहतूकप्रमुख सरांनी मघाशी चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं की पालकांना बसमध्ये चढायची परवानगी नाही, तुम्हाला उतरवावं लागेल. सर, जरूर उतरवा. पण मुलं आत असताना चालकाने जागा सोडायची नाही, हा तुमचाच नियम आहे, आणि तो योग्य आहे. म्हणजे मला उतरवायला बसमध्ये आणखी एक मोठं माणूस ठेवावं लागेल. ते ठेवलंत की मी आपणहून उतरेन. आमचं म्हणणं तेवढंच आहे.

मावशी, तुमच्याविषयी चांगलं बोलायचं राहिलंच. लेकीकडे जा, पाय वर करून पडा, कुणालाही मोजू नका.

मला बोलायला बोलावल्याबद्दल संस्थेचे आणि मुख्याध्यापिकाबाईंचे आभार. हे आमंत्रण त्यांना पुन्हा द्यावंसं वाटणार नाही, म्हणून आत्ताच मानते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचेही. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. भाषणात झालेल्या चुकीला माफी असते, ती मी मागते. बसमध्ये झालेल्या चुकीला नसते, म्हणून सोमवारी मी थांब्यावर उभी असेन.

नमस्कार.